जुना विनोदी सिनेमा घरात दाखवताना

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही बेळगावात शहापूरला राहता. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊचा, दोघंही इंग्रजी शाळेत. सासूबाईंचं माहेर गोकाककडचं, त्यांना मराठी कळतं पण बोलायची सवय नाही. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी एकत्र बसून जुने मराठी विनोदी सिनेमे बघावेत असं तुमच्या मनात आहे, आणि त्याआधी तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हे सिनेमे खरंच चांगले आहेत, की लहानपणी बघितले म्हणून आपल्याला गोड लागतात? त्यांत जो तो दुसऱ्याला फसवत असतो, मग मुलं त्यातून शिकणार काय? आणि दहा मिनिटांत मुलं उठून मोबाईल हातात घेतील, त्याला काय करायचं?

मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत एकतीस वर्षं शिकवलं. त्यातली बहुतेक वर्षं महिन्यातून एका शनिवारी मुलांना आणि जमतील तेवढ्या पालकांना सिनेमा दाखवत आलो. निवृत्तीनंतर हेच काम गावोगावच्या वाचनालयांतून चालू आहे. एका उन्हाळ्यात पुण्याला राहून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि फिल्म इन्स्टिट्यूट मिळून घेतात तो रसास्वादाचा वर्गही केला. तिथं पुष्कळ शिकायला मिळालं. पण पुढं जे सांगणार आहे ते बहुतेक सगळं पोरांच्या शेजारी सतरंजीवर बसून कळलेलं आहे.

फसवणुकीचा प्रश्न आधी घेतो. बाकीचं सगळं त्यातच अडकलंय.

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) तुम्ही पाहिलाच असेल. सचिन पिळगांवकरांचं दिग्दर्शन, वसंत सबनीसांचं लेखन. गोष्टीचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) मध्ये. पुण्यात चौघा तरुणांना राहायला जागा नाही. घरमालकीण जागा देणार ती लग्न झालेल्यांनाच. म्हणून चौघांतले दोघं साड्या नेसून बायका होतात. खोटं एवढंच. बाकीचा सिनेमा ते खोटं सांभाळण्यात जातो.

आता जरा त्या सांभाळण्याकडे बघा. खोटं बोलायला त्यांना मिनिटभर लागतं. मग आवाज बदला, पदर सावरा, दाढी वाढायच्या आत करा, जिच्यावर जीव जडलाय तिच्यासमोर स्वतःची ओळख लपवा. घरात नवीन माणूस आला की त्याच्यासाठी आणखी एक खोटं तयार ठेवा. त्यांच्या चलाखीला आपण थोडंच हसतो. जास्त हसतो ते त्यांच्या दमछाकीला. एका दारातून साडीत आत जाऊन दुसऱ्या दारातून शर्टात बाहेर येणाऱ्या माणसाची धाप बघून जे पोरगं पोट धरून हसतं, त्याला खोट्याचं ओझं केवढं असतं ते कळलेलं असतं. कुणी समजावून सांगावं लागत नाही. 'नेहमी खरे बोलावे' हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याची गणती नाही. ते फळा पुसेपर्यंत टिकायचं.

एकदा हे तपासून बघावं म्हणून मी सहावी-सातवीच्या मुलांना मूठमूठभर पावटे दिले. पडद्यावर कुणी खोटं बोललं की एक पावटा वाटीत टाकायचा. सिनेमा संपल्यावर मोजदाद केली तर कुणाचे अठ्ठावीस, कुणाचे एक्केचाळीस. लगेच भांडण. एक पोरगा म्हणाला, "ह्यानं गप्प बसलेलं पण मोजलंय सर. गप्प बसलं तर ते खोटं कसं ओ?" दुसरा उसळला, "त्याला म्हायती होतं की! म्हायती असून गप्प बसला म्हणजे खोटंच की ते." आणि वर्षभर वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून बोलला, ते मोजायचं काय नाही?" पाऊण तास वाद चालला. त्यात मी पाच-सहा वाक्यं बोललो असेन. बोललेलं खोटं, लपवलेलं खरं, मायेपोटी बोललेलं खोटं, असे तीन ढीग पोरांनी स्वतःच्या हातांनी जमिनीवर मांडले. कुठला पावटा कुठल्या ढिगात टाकायचा यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही. मला त्या दिवशी फार समाधान वाटलं. ते पावटे सोमवारी माध्यान्ह आहाराच्या आमटीत गेले.

घरी हा खेळ जरूर करा. तुमचा नऊ वर्षांचा मुलगा मोजण्यासाठी तरी जागचा हलणार नाही.

याच्यातच दुसरी एक गोष्ट आहे, ती आपल्या भागातल्या मुलांना पुण्या-मुंबईच्या मुलांइतकीच जवळची आहे. खानापूर, जांबोटी, चंदगडकडची पोरं कॉलेजसाठी बेळगावला येतात आणि टिळकवाडी, वडगाव, अनगोळात खोली शोधत फिरतात. एकटी पोरं नकोत, मासळी-मटण चालणार नाही, रात्री नऊला गेट बंद, हे त्यांनी ऐकलेलं असतं. माझ्याच एका विद्यार्थ्यानं शिकायला आल्यावर खोलीसाठी सख्ख्या मोठ्या भावाला 'मामा' म्हणून पुढं केलं होतं, कारण घरमालकाला बरोबर वडीलधारं कुणीतरी हवं होतं. म्हणून सिनेमा संपल्यावर मी मुलांना विचारतो: घरमालकीण चुकली काय? उत्तरं दोन्ही बाजूंनी येतात. एकटी बाई, घरात परके तरुण, तिनं काळजी घेतली तर काय बिघडलं, असं मुली म्हणतात. मुलगे म्हणतात, मग आम्ही राहायचं कुठं? दोघांचंही बरोबर आहे, आणि सिनेमानंही दोघांचंही बरोबर ठेवलंय. घरमालकिणीला दुष्ट केलेलं नाही.

हा या सगळ्या सिनेमांचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण. खरा खलनायक त्यांत क्वचितच असतो. असतो तो अडचणीचा प्रसंग: जागा कमी, पैसा कमी, लग्न जुळत नाही, बापाला श्रीमंत जावई पाहिजे. 'मुंबईचा जावई' (१९७०) बघा. राजा ठाकूरांचा सिनेमा, शरद तळवलकर, अरुण सरनाईक त्यात आहेत. 'प्रथम तुज पाहता', 'का रे दुरावा' ही गाणी त्यातलीच, गदिमांची आणि सुधीर फडक्यांची. पुढं बासू चटर्जींनी १९७२ मध्ये त्यावरून हिंदीत 'पिया का घर' केला. मुंबईतलं टीचभर घर, त्यात सगळं कुटुंब आणि त्यातच नवं लग्न झालेलं जोडपं. दोन शब्द एकांतात बोलायला जागा नाही. घरात एकही माणूस वाईट नाही, तरी दोघांचा जीव मेटाकुटीला येतो. कुणीही वाईट नसताना माणसाला त्रास होऊ शकतो, हे मुलांना समजावणं फार अवघड आहे. पुस्तकातल्या धड्यात एक चांगला आणि एक वाईट लागतोच. घर तसं चालत नाही. तुमच्या मुलीला ह्या वयात घरातली प्रत्येक गोष्ट आपल्याविरुद्ध चाललीय असं वाटत असेल, तर हा सिनेमा तिच्याशेजारी बसून बघा. काही बोलू नका, नुसतं शेजारी बसा.

आता माझ्या घरचं सांगतो. मी नववीत असतानाची गोष्ट. आजोबा गेल्यावर आमच्या घराची वाटणी झाली. आप्पा आणि काका यांच्यात बोलणं बंद झालं. मधे भिंत आली, आड मात्र एकच राहिला. पाणी काढायच्या वेळा बायकांनी न बोलता वाटून घेतल्या होत्या. तिसऱ्या वर्षी गणपतीत मंडळानं बेळगावहून सोळा मिलिमीटरचं मशिन भाड्यानं आणलं आणि चौकात पडदा बांधला. सिनेमा होता 'आम्ही जातो अमुच्या गावा' (१९७२). कमलाकर तोरण्यांचा सिनेमा: चोरी करायला घरात शिरलेले तिघं, आणि त्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसांच्या मायेत हळूहळू विरघळत गेलेले. 'देहाची तिजोरी' हे खेबुडकरांचं गाणं त्यातलं.

पडदा म्हणजे दोन धोतरं जोडून शिवलेली. समोर गर्दी झाली की उरलेले लोक पडद्यामागं बसत. तिथूनही चित्र दिसतं, फक्त उलटं. आप्पा पुढं बसलेले कळल्यावर काका मागच्या बाजूला जाऊन बसले. मी दोन्हीकडं पळत होतो, म्हणून मला आठवतं. एका प्रसंगाला पुढून आप्पांचं हसणं आणि पडद्यापलीकडून काकांचं हसणं एकदमच आलं. दोघांचं हसणं अगदी सारखं होतं, आमच्या आजोबांसारखं, शेवटी खोकल्यात जाणारं. आईनं पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी आडावर काकांनी आप्पांना विचारलं, "ते धाकट्या चोराचं काम केलेला नट कोण रे? मागनं नावं उलटी दिसत होती." आप्पांनी नाव सांगितलं. तीन वर्षांतलं पहिलं बोलणं ते. त्यानं वाटणीचं भांडण मिटलं नाही, ते पुढं चार वर्षं चाललं. पण पाणी काढायच्या वेळा त्या दिवसापासून कुणी पाळल्या नाहीत.

हे सांगितलं ते एवढ्यासाठी की, या सिनेमांचा धडा शेवटच्या रिळात कुणीतरी हात जोडून बोलतो त्या भाषणात नसतो. तिथं तर मुलं चुळबुळ करायला लागतात आणि बरोबर करतात. चुकलेल्या माणसाला घराबाहेर काढायचं नाही, त्याला मधे बसवून त्याच्यावर हसायचं आणि मग त्यालाच ताटावर बोलवायचं, ही जी रीत त्या गोष्टींत सुरुवातीपासून चाललेली असते ती माणसाच्या अंगात मुरते. चोर चोर म्हणून पकडला गेला तरी जेवल्याशिवाय जात नाही. खोटा भाडेकरू खोटा म्हणून उघडा पडला तरी ज्यांनी त्याच्यावर माया केली ती माया खोटी ठरत नाही.

तुमची पहिली शंका, आपल्याला नुसत्या आठवणी गोड लागतात का? काही अंशी होय. मी ते मुलांवर पारखून बघितलं, कारण त्यांच्याकडं आठवणी नाहीत. अंगविक्षेप, वेशांतर, लपाछपी, पळापळ यांना ती पहिल्यापासून हसतात, कोणत्याही पिढीची असोत. शब्दांतल्या विनोदाला मात्र ती आपणहून हसत नाहीत. शेजारी आजी हसली की आधी आजीकडं बघतात, मग पडद्याकडं, मग हसतात, आणि मग विचारतात. म्हणून हे सिनेमे मुलांना एकटं लावून देऊन आपण स्वयंपाकघरात गेलात तर अर्धा सिनेमा वाया जाईल. बिऱ्हाड, तार, मनीऑर्डर, ट्रंककॉल हे शब्द त्यांनी ऐकलेलेच नसतात. मागं एका मुलानं मला विचारलं, "फोन करून विचारलं असतं तर सगळं कळलं नसतं काय ओ सर?" खरंच आहे. हातात फोन असता तर यांतल्या निम्म्या गोष्टी दहा मिनिटांत संपल्या असत्या. तार येणार, ती चुकीच्या माणसाच्या हातात पडणार, तोवर सगळे अंदाजावर जगणार, यावरच ती गंमत उभी आहे. आपल्याकडची तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. तुमचा मुलगा तेव्हा जन्मलाही नव्हता. सासूबाईंना विचारा, त्यांच्या माहेरी तार आली की काय व्हायचं. बहुतेक घरांत वाचायच्या आधीच रडणं सुरू व्हायचं.

आठवणी बाजूला ठेवूनही जे उरतं ती कारागिरी. राजा परांजपे, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके या तिघांनी पन्नासच्या दशकात जे सिनेमे केले ते आजही बघताना कुठं सैल लागत नाहीत. 'लाखाची गोष्ट' (१९५२) ची कल्पना बघा: दोन कफल्लक कलावंत मित्र, आणि त्यांना घातलेली अट काय, तर महिन्याभरात एक लाख रुपये खर्च करून दाखवायचे. कमवून नव्हे, खर्च करून. आजच्या मुलांना विचारलं तर एक फोन आणि एक गाडी, झाला लाख. म्हणून मी आधी मुलांना घरी पाठवतो आणि सांगतो, आज्जा-आज्जीला विचारून या की त्यांच्या लहानपणी रुपयाला काय काय यायचं. ती यादी फळ्यावर लिहिली की मग लाख किती मोठा ते कळतं. आणि मग सिनेमा बघताना त्यांना घाम फुटतो. पैसा उडवणं एवढं कठीण असतं, हे त्यांना कधी सुचलेलंच नसतं.

आणि 'गुळाचा गणपती' (१९५३). कथा-पटकथा, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका, सगळं पु. ल. देशपांड्यांचं. गदिमांचं 'इंद्रायणी काठी' भीमसेन जोशींच्या आवाजात त्यातच आहे. आपल्या बेळगावला या माणसाबद्दल जास्त जवळीक वाटते, कारण पु. ल. इथं राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते आणि 'गणगोत'मधले रावसाहेब बेळगावचेच. कानडी माणसाच्या तोंडची ती मराठी त्यांनी किती प्रेमानं टिपली! आपल्याकडं कानडी-मराठी मिसळून बोलणाऱ्या माणसाला बाहेरचे लोक हसतात. पु.लं.नी त्याला हसवणारा केला. 'गुळाचा गणपती'चा नायकही तसाच, साधा, भोळा, जगाच्या हिशोबात न बसणारा. त्याच्या भोळेपणाला हसता हसता आपण त्याच्या बाजूचे कधी होतो ते कळत नाही. मुलांना काळा-पांढरा सिनेमा जड जातो, म्हणून हा लगेच लावू नका. नंतरच्या काळातले तीन-चार सिनेमे झाल्यावर लावा. तोवर डोळ्यांना सवय आणि कानांना गोडी लागलेली असते.

विनोदी सिनेमे निव्वळ गोड होते असं मात्र नाही. तोतरं बोलणं, जाडी, काळा रंग, बहिरेपणा यांच्यावर हमखास हशा काढलेला असतो. नाही म्हणणाऱ्या मुलीच्या मागं गाणी म्हणत फिरणारा नायक तर जवळपास प्रत्येकात. एकदा मी एक सिनेमा आधी न बघता, नावावर विसंबून लावला. त्यात तोतऱ्या नोकराची नक्कल होती. आमच्या पाचवीत एक मुलगा अडखळत बोलायचा. सोमवारी शाळेत त्याला त्या नोकराच्या नावानं हाक मारायला लागले. तो आठवडाभर शाळेत आला नाही. मी त्याच्या घरी दोनदा गेलो. तो परत आला खरा, पण शनिवारी कधीच बसला नाही, आणि तो दोष माझा होता. तेव्हापासून आधी स्वतः पूर्ण बघितल्याशिवाय मी काहीही दाखवत नाही. तुम्हीही बघा. जे खटकेल ते कापू नका, मुलांनी ते उद्या दुसरीकडं बघितलं तर एकटीच असतील. तिथं थांबवा आणि सरळ सांगा, इथं मला हसू येत नाही. एवढं पुरतं. दादा कोंडके मला मनापासून आवडतात, 'सोंगाड्या' (१९७१) मी कितीदा बघितला असेल. पण त्यांचा दुहेरी अर्थाचा विनोद मोठ्यांसाठी आहे, नऊ वर्षांच्या मुलासमोर तो तुम्हालाच अवघड होईल.

मुलीसाठी एक सांगतो. 'बनवाबनवी'त पुरुष साडी नेसून रस्त्यावर चालतात तेव्हा लोक त्यांच्याकडं कसे बघतात, तिकडं तिचं लक्ष जाईल. आमच्याकडं आठवीतल्या एका मुलीनं विचारलं होतं, "सर, साडी काढून ठेवली की त्यांची सुटका. आम्ही काय काढून ठेवायचं?" सगळा वर्ग गप्प झाला. मलाही उत्तर सुचलं नाही आणि मी तसं सांगितलं. तुमच्या मुलीनं असं काही विचारलं तर घाईनं उत्तर देऊ नका.

आता बसवायचं कसं ते. सोळा मिलिमीटरच्या मोठ्या रिळात १६०० फूट फिल्म बसायची, ती चाले साधारण चव्वेचाळीस मिनिटं. मशिन एकच. रीळ संपलं की दिवा लावायचा, नवीन चढवायचं, पाच-सात मिनिटं जायची. तेवढ्यात पोरं लघवीला जाऊन यायची, बाया चिरमुरे काढायच्या, आणि पुढं काय होणार यावर पैजा लागायच्या. पुढं सीडी आली, पेन ड्राइव्ह आला, सिनेमा सलग चालायला लागला, आणि माझ्या लक्षात आलं की पोरं आता मधे काही बोलतच नाहीत. म्हणून मी ते थांबणं मुद्दाम परत आणलं. पाऊण तास झाला की बंद. दिवा लावायचा. भडंग काढायचा. 'आता काय होईल सांगा' एवढाच प्रश्न. अंदाज चुकला तरी बरोबर आला तरी पुढचा भाग बघायला ती आपसूक बसतात. तुम्ही घाबरता त्या दहा मिनिटांवरचा उपाय हाच. सुरुवात थोडी संथ असते, म्हणून लावायच्या आधी कोण कुणाचा कोण हे दोन वाक्यांत सांगून टाका. मोबाईल सगळ्यांचेच दुसऱ्या खोलीत, तुमच्या यजमानांचासुद्धा. आणि सिनेमा संपल्यावर 'काय शिकलात?' असं चुकूनही विचारू नका. त्या प्रश्नानं पुढच्या वेळची मजा जाते. विचारायचंच तर विचारा, यातला कोण आपल्या घरात असता तर चाललं असतं? आमच्या वाचनालयात या प्रश्नावर एका आजोबांनी आणि त्यांच्या सुनेनं एकाच पात्राचं नाव घेतलं होतं, आणि दोघं एकमेकांकडं बघतच राहिले.

कोणत्या क्रमानं दाखवायचे तेही सांगतो: आधी 'धूमधडाका' (१९८५), मग 'बनवाबनवी', मग 'मुंबईचा जावई', मग 'आम्ही जातो अमुच्या गावा', आणि शेवटी पन्नासच्या दशकातले ते दोन, 'लाखाची गोष्ट' आणि 'गुळाचा गणपती'. आठवड्याला एकाहून जास्त नको.

'धूमधडाका' पहिला सांगतोय तो तुमच्या सासूबाईंसाठी. महेश कोठाऱ्यांचा तो पहिला सिनेमा. श्रीमंत बापाला मुलींसाठी श्रीमंत स्थळं हवीत, म्हणून गरीब पोराचा मित्र खोटा श्रीमंत बाप होऊन येतो. शरद तळवलकर खरा बाप, अशोक सराफ खोटा. पण ही गोष्ट मुळात मराठी नाही. श्रीधर यांनी १९६४ मध्ये तमिळमध्ये 'कादलिक्क नेरमिल्लै' केला, १९६६ मध्ये त्याचा हिंदीत 'प्यार किये जा' झाला आणि १९७९ मध्ये कन्नडमध्ये 'प्रीती माडु तमाषे नोडु' झाला. द्वारकीश, शंकर नाग, श्रीनाथ, मंजुळा त्यात होते. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत सुनेनं एक बघितलेला असतो आणि सासूनं दुसरा, आणि दोघींना ठाऊकच नसतं की गोष्ट एकच आहे. सासूबाईंच्या वयाच्या बायकांनी कन्नडमधला बघितलेला असायची शक्यता मोठी आहे. आधी त्यांना काही सांगू नका. त्यांना पुढं मधोमध बसवा, करदंटाचा, म्हणजे गोकाकच्या त्या मिठाईचा, डबा त्यांच्याच मांडीवर ठेवा, आणि खोटा बाप आत येतो तिथपर्यंत थांबा. त्यांनी ओळखलं की त्या हसायच्या आधी हातवारे करून सांगायला लागतील, कानडीतनं. मुलं मराठी सिनेमा थांबवून त्यांच्याकडं वळतील आणि विचारतील, "मुंद एनात, अज्जी?" म्हणजे पुढं काय झालं, आजी? तेव्हा टीव्हीचा आवाज बंद करा आणि त्यांना सगळी गोष्ट सांगू द्या. शेवट फुटला तरी चालेल.